बेसमेंट पार्किंगसाठी 1 एचपीचा मड पंप: खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्षात निघणारं पाणी

बेसमेंट असलेल्या सोसायटीने पुराचं गढूळ पाणी उपसायला 1 एचपीचा सिंगल फेज मड पंप (पाण्यात बुडवून चालवायचा पंप) जरूर घ्यावा. फक्त खोक्यावरचा मोठा आकडा बघून घेऊ नये, आणि पंपापेक्षा पाइप-पॅनेलवर जास्त डोकं लावावं.

गणपती गेले की पाऊस संपला असं पुण्यात धरून चालतात. आंबील ओढ्याचा पूर आला तो 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री. कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस बघता बघता दांडेकर पुलापर्यंत येतो, सावरायला वेळच मिळत नाही. मुठेकाठची गोष्ट वेगळी. पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं सप्टेंबरात भरलेली असतात, त्यामुळे सह्याद्रीत जोराचा पाऊस झाला की आलेलं पाणी खडकवासल्यातून खाली सोडण्याशिवाय पर्याय उरत नाही. तिथे विसर्गाची सूचना तरी येते. ओढ्याकाठच्या सोसायट्यांनी पंप आधीपासून बेसमेंटच्या तळाशी पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यात बसवूनच ठेवावा.

आता आकडे. या वर्गातल्या पंपांवर ‘कमाल डिस्चार्ज 300 लिटर प्रति मिनिट, कमाल हेड 12 मीटर’ अशा धर्तीचं काहीतरी छापलेलं असतं. डिस्चार्ज म्हणजे बाहेर पडणारं पाणी, हेड म्हणजे ते जितक्या उंचीवर चढवायचं ती उंची. हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. 300 लिटर शून्य उंचीला, आणि 12 मीटरवर थेंबही नाही. बेसमेंटच्या तळापासून रस्त्याच्या कडेपर्यंत चार-साडेचार मीटर चढ, त्यात पाइपचं घर्षण, म्हणजे सहा मीटरच्या आसपास हेड धरा. तिथे 150 लिटर निघालं तरी चांगलं. 20 बाय 15 मीटरचं बेसमेंट मीटरभर भरलं तर पाणी होतं 3 लाख लिटर. भागाकार केला की 33 तास! ‘दोन तासांत कोरडं’ म्हणणाऱ्या दुकानदाराला हाच हिशोब करून दाखवायला सांगा. प्रत्येक बऱ्या कंपनीचा हेड-डिस्चार्जचा तक्ता असतो, तो मागा. तो नसेल तर पुढचं दुकान.

पाइपमध्ये पैसे वाचवायला जाल तर फसाल. आउटलेट 2 इंची असताना स्वस्त पडतो म्हणून दीड इंची पाइप लावला, की तेवढ्याच पाण्याला घर्षण तिप्पट-चौपट होतं. 30 मीटर लांबीत 2 इंचीला साधारण एक मीटर हेड जातं, दीड इंचीला तीन-चार. चपटा गुंडाळता येणारा पाइप चालतो, पण रॅम्पच्या कोपऱ्यावर तो मुडपला की पाणी बंद. तिथे 2 इंची पीव्हीसीचा बेंड घाला. पाइपचं तोंड पावसाळी गटारात, उताराच्या बाजूला सोडा. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलं तर मैलापाणी कुणाच्या तरी बाथरूममधून वर येणार. रस्त्यावरचं पाणी रॅम्पच्या तोंडाहून उंच असेल तर पंप चालवूच नका, तेच पाणी गोल फिरत राहतं.

फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच, हा या पंपाचा सगळ्यात कच्चा भाग. पिशव्या, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या अडकल्या की फ्लोट वरच राहतो, पंप कोरडा फिरतो आणि मोटरमध्ये पाणी शिरू न देणारं मेकॅनिकल सील जळतं. मग ऑइल चेंबरमध्ये पाणी, तिथून मोटरच्या वाइंडिंगमध्ये. उपाय साधा आहे: भाजीचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घालून त्यात पंप ठेवा, खाली दोन विटा द्या म्हणजे तळाचा गाळ ओढला जाणार नाही. फ्लोटला हलायला जागा राहिली आहे ना ते हाताने हलवून बघा. तळाचं चार-सहा इंच पाणी तसंही राहतं, ते वायपरनेच काढावं लागतं.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. बेसमेंटचा मेन बंद केल्याशिवाय कुणीही पाण्यात पाय घालायचा नाही. पंपाला स्वतंत्र लाइन, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), व्यवस्थित अर्थिंग. कपॅसिटरचं पॅनेल वॉचमनच्या केबिनमध्ये, छातीच्या उंचीवर. केबल बहुधा 10 मीटरच मिळते, जास्त लांबीची मागवा. टेप गुंडाळलेला जोड पाण्याखाली जाता कामा नये. पंप उचलायचा तो नायलॉनच्या दोरीने, केबलला धरून नाही.

खरी अडचण वेगळीच. पूर आला की महावितरण वीज बंद करतं, आणि करायलाच हवी. सोसायटीचा जनरेटर बेसमेंटमध्येच असेल तर मड पंप ही नुसती लोखंडाची वस्तू. एरवी 3 ते 5 केव्हीएचा जनरेटर भाड्याने मिळतो, पण त्या दिवशी अख्ख्या भागाला तोच हवा असतो. पेट्रोलचा 2 इंची पंप हा पर्याय आहे, मात्र इंजिन उघड्यावरच ठेवा. बेसमेंटमध्ये त्याचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. शिवाय सहा-सात मीटरपेक्षा खोलचं पाणी तो ओढत नाही.

33 तास ऐकून 5 एचपी घ्यायला धावू नका. बाहेरची जमीन पाण्याने टचटचीत असताना बेसमेंट झटक्यात रिकामं केलं, तर मीटरभर पाण्याचा दाब फरशीवर चौरस मीटरला एक टन येतो. फरशी उचलली जाते, भिंतीला तडा जातो. बाहेरचं पाणी ओसरल्यावर आत दोन-तीन फूट उतरवा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पातळी खुणेच्या वर गेली असेल तर जमिनीतून पाणी येतंय, पंप बंद ठेवा. या कामाला 1 एचपीचा संथपणा सोयीचाच पडतो.

काम झाल्यावर पंप स्वच्छ पाण्याच्या पिंपात पाच मिनिटं चालवून गाळ काढा. ऑइलचा स्क्रू उघडा. तेल दुधाळ दिसलं तर सील गेलं. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) रीडिंग 1 मेगओमच्या खाली असेल तर वाइंडिंग वाळवल्याशिवाय प्लग लावू नका. एरवी महिन्यातून एकदा पिंपात दोन मिनिटं फिरवला तर इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) जाम होत नाही. आणि सील किट पंपासोबतच घेऊन ठेवा, पुराच्या आठवड्यात ते कुठल्याच पेठेत मिळत नाही.