आंब्याला कीड, एका भोकाचे तीनशे

मृगाच्या आधी वळवाचं वादळ एकदा येऊन गेलं की इंदुरात झाडं कापणारे गल्लोगल्ली फिरायला लागतात. त्यांतले बरेचसे कष्टाचं खातात, हे आधीच सांगते. पण यंदा सुदामा नगरच्या बाजूला एक टोळी फिरतेय. तिची पद्धत नीट वाचून ठेवा, आणि घरात दुपारी म्हातारी माणसं एकटी असतील तर त्यांनाही वाचून दाखवा.

माझ्या काका-काकूंच्या परसात आजोबांनी लावलेला देशी आंबा आहे. वादळात त्याची एक बारकी फांदी मोडली, ती काकांनी फाटकाजवळ काढून ठेवली होती. या लोकांना तेवढंच पुरतं. छोटा हाथी, म्हणजे मालवाहू टेम्पो, थांबला, तिघे उतरले. त्यांतल्या म्होरक्याने खोडाला कान लावून टकटक केली आणि म्हणाला, "अंकलजी, डाल की बात छोड़ो, पेड़ अंदर से खोखला है. अगली आँधी में पड़ोसी की छत पर जाएगा." शेजाऱ्यांच्या गच्चीवर खरंच एक जाड फांदी झुकलेली होती, त्यामुळे काकांच्या पोटात गोळा आला. वास्तविक झाडाचा जिवंत भाग सालीखाली आणि बाहेरच्या लाकडात असतो. गाभा पोकळ झालेली कितीतरी जुनी झाडं वर्षानुवर्षं उभी असतात. नुसत्या टकटकीवरून झाड पडणार की नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

मग खरा खेळ. त्याने सालीच्या भेगेत पेचकस घातला, दोनदा फिरवला आणि तळहातावर एक वळवळणारी पांढरी अळी ठेवली. काकू दोन पावलं मागे सरकली. घाबरलेल्या अवस्थेतही तिने मोबाइलवर त्या अळीचा फोटो मात्र काढला, म्हणून पुढचं कळलं.

आंब्याच्या खोडात शिरणारी अळी भिरुड नावाच्या भुंगेऱ्याची. ती लांबट असते, तिला पाय नसतात, आणि ती लाकडात खोल बोगदा करून राहते; पेचकसच्या टोकाला अशी अलगद येत नाही. ती आत असली की भोकातून भुसा आणि विष्ठा बाहेर पडते, खोडाच्या बुडाशी त्याचा थर दिसतो. फोटोतली अळी इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली होती आणि पुढे सहा पाय स्पष्ट दिसत होते. ती हुमणी. हुमणी मातीत किंवा शेणखतात राहते, मुळं खाते. आंब्याच्या खोडाशी तिचा काही संबंध नाही. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१पर्यंत याच शहरात होते आणि इथे बसवलेली कंपोस्टची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्याच गावात खताच्या खड्ड्यातली अळी खिशातल्या डबीतून काढून आंब्याच्या नावावर खपवतात, म्हणजे धाडसच!

"दवाई डाल देते हैं, तीन सौ लगेंगे," असं तो म्हणाला. काकांना वाटलं, झाडाचे तीनशे. त्यांनी मान हलवली. लगेच ड्रिल सुरू झालं आणि पाठोपाठ चेन सॉ, म्हणजे बोलायला सोयच नाही. दुसरा माणूस भोकं पाडत गेला, तिसरा प्रत्येक भोकात रॉकेलच्या वासाचं काहीतरी सोडत गेला. शेवटी हिशोब: ३८ भोकं, एका भोकाचे ३००, म्हणजे ११,४००, वर छाटणीचे ५,०००. "आपके सामने लगाए हैं ना, गिन लो." घासाघीस करून १४,००० घेतले. निम्मे काकूंनी कपाटातून दिले, उरलेले फोनवरून पाठवायला लावले. तोपर्यंत तिघेही व्हरांड्यात येऊन उभे होते.

भिरुडावरचा खरा उपाय स्वस्त आहे. जिथून भुसा येतोय त्याच भोकात तार घालून अळी मारायची, मग कीटकनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून वर चिखलाने लिंपायचं. निरोगी खोडाला नवी भोकं पाडणं म्हणजे बुरशीला आयतं दार उघडून देणं.

पैसे गेले ते गेलेच, पण मला जास्त चीड आली ती छाटणीची. "हल्का कर देते हैं" म्हणत आंब्याचा पूर्ण शेंडा उडवला. अशा मुंडणानंतर खुंटांवर सरळसोट धुमारे फुटतात. त्यांची पकड वरवरची असते, म्हणून पुढच्या वाऱ्यात तेच आधी मोडतात. सावली गेल्याने उघडी पडलेली साल उन्हाने भाजते ते वेगळंच. जाड फांद्या एकाच घावात वरून कापल्या, त्यामुळे वजनाने फांदी लटकली आणि साल खोडापर्यंत फाटत आली. जाणकार माणूस आधी खालून अर्धवट कापतो, मग थोडं पुढे वरून, आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेलं फुगीर कडं शाबूत ठेवून काढतो. यांनी जखमांवर निळा ऑइल पेंट फासला आणि त्यालाही "दवाई" म्हटलं.

जाड लाकूड गाडीत गेलं. वखारीत त्याचे पैसे येतात, म्हणजे कमाई दोन्हीकडून. पाला आणि काटक्या मात्र गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटवर. दुसऱ्या दिवशी नगर निगमचा सफाई दरोगा दारात, दंडाचं चालान काकांच्या नावावर.

परवानगीचं विचारलं तेव्हा म्होरक्याने "परमिशन जेब में है" म्हणत एक कार्बनची पावती फाडून दिली होती. वर अर्ज क्रमांक नाही, पत्ता नाही, कोणत्या झाडासाठी तेही नाही. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१चा कायदा आहे. आपल्या अंगणातलं झाड तोडायचं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि अर्ज घरमालकाने करायचा असतो. कापणाऱ्याच्या खिशात ती तयार असूच शकत नाही. धोकादायक फांदीसाठी आधी निगमच्या उद्यान विभागात किंवा ३११ ॲपवर कळवा, आणि फांदी विजेच्या तारांना लागत असेल तर वीज कंपनीला.

खाजगी माणूस बोलवायचाच असेल तर पूर्ण झाडाचा एकच आकडा कागदावर लिहून घ्या. लाकूड कुणाचं आणि पाला कोण नेणार, हेही त्याच कागदावर. औषध म्हणाला तर बाटलीवरचं नाव वाचा. यांच्या बाटलीवर लेबलच नव्हतं. मशीन सुरू व्हायच्या आधी शेजारच्या कुणाला तरी हाक मारून उभं करा.

पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. गाडीच्या नंबरावर दोराचं भेंडोळं टाकलेलं होतं, त्यामुळे हाती फक्त पैसे पाठवलेला नंबर आहे. परवा लोकमान्य नगरातल्या एका मावशींकडे असेच तिघे येऊन गेले. म्होरक्या पन्नाशीचा, गळ्यात टॉवेल; त्यांनीही पेचकस फिरवून अळी दाखवली. मावशींनी जावयाला फोन लावला, तेवढ्यात गाडी निघून गेली.