जर्मन रेडिओ घड्याळ गोव्यात: आठ महिन्यांचा अनुभव

भावजींनी जर्मनीहून येताना भिंतीवरचं रेडिओ कंट्रोल्ड घड्याळ, म्हणजे रेडिओ सिग्नलवरून आपोआप वेळ लावून घेणारं घड्याळ आणलं, त्याला आता आठ महिने झाले. मागवायचा विचार असेल तर एक आधी सांगतो, इथे ते आपणहून सिग्नल पकडत नाही. फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला डीसीएफ७७ हे वेळेचा सिग्नल देणारं लाँगवेव्ह (लांब रेडिओ लहरींचं) स्टेशन आहे, ७७.५ किलोहर्ट्झवर, त्याची रेंज साधारण २००० किमी, आणि आम्ही फोंड्यात, म्हणजे साडेसहा हजार किमीच्याही पलीकडे. आपल्या देशात असं लाँगवेव्हचं स्टेशनच नाही. मला यातलं काही माहीत नव्हतं त्यामुळे पहिला महिनाभर रोज रात्री ते वायव्येच्या खिडकीत ठेवायचो कारण रात्री या लहरी लांब जातात असं वाचलेलं, आणि सकाळी बघावं तर काटे १२ वर तसेच उभे. खूप वाईट वाटायचं.

मग या सिग्नलची नक्कल करणारं फोनवरचं ॲप सापडलं. खरा सिग्नल दर सेकंदाला क्षणभर मंद होतो, ०.१ सेकंद मंद झाला तर शून्य, ०.२ सेकंद तर एक, आणि ५९ व्या सेकंदाला मंद होतच नाही, त्यावरून पुढचं मिनिट कुठे सुरू होतं ते घड्याळाला कळतं. एका मिनिटातल्या या शून्य-एकांतून तास, मिनिट, तारीख सगळं येतं. ॲप हीच नक्कल स्पीकरमधून १५.५ किलोहर्ट्झवर वाजवतं, त्यासोबत पाचपटीची लहरही थोडी निघते, ती म्हणजे बरोबर ७७.५! स्पीकरच्या कॉइलमधून जे थोडं चुंबकीय क्षेत्र बाहेर येतं तेवढं घड्याळाला पुरतं. माझ्या नव्या फोनवर जमलं नाही, जुन्यावर इयरफोनची वायर घड्याळाच्या पाठीमागे चार-पाच वेढे गुंडाळून आवाज फुल्ल केला तेव्हा जमलं. चार्जर काढून ठेवायचा आणि एलईडी बल्ब बंद करायचा हं, त्यांचा अडथळा येतो. ॲपमध्ये भारताची वेळ द्यायला विसरू नका, नाहीतर घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि थंडीत साडेचार तास मागे लागेल.

पहिल्यांदा लागलं तेव्हा आम्ही सगळे समोर उभे होतो. भाच्याला बारीक शिटी ऐकू येत होती, बाबांना अजिबात नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला काटे अचानक भराभर फिरत जाऊन ९:४७ वर थांबले. अंगावर काटा आला.

एकदा वेळ लागली की पुढे सिग्नल नसताना ते साध्या क्वार्ट्झसारखंच चालतं, माझं महिन्याला ८-९ सेकंद पुढे जातं, म्हणून दर रविवारी रात्री लावतो. पावसाळ्यात सेलच्या टोकांवर हिरवं चढलं होतं, व्हिनेगरच्या बोळ्याने पुसलं, आता दर दोन महिन्यांनी उघडून बघतो. बाबा भटजी आहेत, अक्षता १२:०७ ला म्हणजे १२:०७ लाच, पूर्वी लग्नाच्या हॉलमधल्या घड्याळावरून वाद व्हायचे. आता निघण्याआधी ते या घड्याळाखाली उभे राहून मनगटावरचं सेकंदाला सेकंद जुळवून घेतात आणि मगच चप्पल घालतात.