जुन्या गाडीत मिनरलच ठेवायचं की सेमी सिंथेटिक टाकायचं?

दहा-पंधरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी, इंजिनात आजवर साधं मिनरल ऑइलच पडत आलंय, आणि आता सर्व्हिसिंगला मेकॅनिक विचारतोय की सेमी सिंथेटिक टाकू का. ठाण्यात रिपासिंग करून अजून पाच वर्षं गाडी वापरणारे भरपूर लोक आहेत आणि त्यांनी ती जरूर वापरावी असंच मला वाटतं, चांगली चालणारी गाडी कशाला भंगारात घालायची. आमच्या घरच्या जुन्या वॅगनआरमध्ये दोन्ही ऑइलं टाकून झालीयत, त्यामुळे आधीच सांगतो, इंजिन ऑइल खात, म्हणजे जाळत नसेल आणि कुठे गळत नसेल तर सेमीवर जा. खात असेल तर सध्या मिनरलच बरं.

फरक काय, तर मिनरल म्हणजे कच्च्या तेलातून रिफाइन केलेलं तेल, त्यात लहानमोठे सगळ्या आकाराचे रेणू असतात. सिंथेटिकमध्ये ते बऱ्यापैकी एकसारखे, म्हणून तापलं तरी उडून कमी जातं, लवकर घट्ट होत नाही आणि आत काळा गाळ कमी साचतो. सेमी म्हणजे या दोघांचं मिश्रण, पण त्यात सिंथेटिक किती असावं याचा ठरलेला आकडा नाही, डब्यावर पण बहुतेक लिहिलेलं नसतं. त्यामुळे पुढची मोठी अक्षरं सोडा आणि डब्याच्या मागची एपीआय ग्रेड, म्हणजे ऑइलच्या दर्जाची खूण, वाचा. एसएन किंवा २०२० मध्ये आलेली एसपी असेल तर छान. जुन्या ग्रेडचं सेमी घेण्यापेक्षा नव्या ग्रेडचं मिनरल मी कधीही घेईन.

सिंथेटिकचा एक मोठा फायदा कडाक्याच्या थंडीत दिसतो, ऑइल पटकन वर चढतं वगैरे, पण आपल्याकडे तेवढी थंडी पडतच नाही. आपल्याकडे फायदा आहे तो उष्णतेत. मे महिन्यात संध्याकाळी माजिवड्यावरून कासारवडवलीला जाऊन बघा, फर्स्ट-सेकंडमध्ये रांगत, एसी चालू, रेडिएटरचा फॅन थांबत नाही, समोरून वारा नाही. मीटरवर किलोमीटर थोडेच पडतात पण इंजिन मात्र कितीतरी वेळ गरम अवस्थेत चाललेलं असतं आणि ऑइल त्यानेच थकतं. अशा वापरात सेमीचे जास्तीचे पैसे वसूल होतात. तेच रोज ऐरोलीवरून मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्याला मिनरल वेळेवर बदललं तरी पुरतं.

सीएनजीवाल्यांनी जास्त लक्ष द्या. गॅसवर काजळी कमी धरते म्हणून डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल स्वच्छ दिसतं आणि लोक म्हणतात अजून चाललं असतं की. पण आत ते उष्णतेने आणि ज्वलनातल्या नायट्रोजनच्या संयुगांनी घट्ट होत असतं, रंगावरून काहीच कळत नाही. सीएनजीची जुनी गाडी धडधाकट असेल तर मी सरळ सेमीच सांगेन.

आता सगळे घाबरतात ते गळतीला. सिंथेटिकने सील खराब होतात हे आजच्या ऑइलांना लागू नाही. होतं काय, की जुन्या गाडीत ऑइल सील आणि टॅपेट कव्हरची (इंजिनावरचं झाकण) पॅकिंग आधीच कडक झालेली असते, तिथे साचलेल्या गाळाने फट बुजलेली असते, आणि नव्या ऑइलमधल्या डिटर्जंटने तो गाळ सुटला की आधीचीच गळती दिसायला लागते. म्हणून बदलायच्या आधी रात्री इंजिनखाली पुठ्ठा ठेवून सकाळी डाग पडलाय का बघा. पॅकिंग बदलणं फार खर्चाचं नाही, ते आधी करून घ्या. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येत असेल, दोन सर्व्हिसिंगच्या मधे टॉपअप लागत असेल, तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, तिथे महाग ऑइल टाकून ते जाळण्यात अर्थ नाही.

मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात, त्यामुळे आत थोडं जुनं राहिलं तर बिघडत नाही, त्यासाठी इंजिन फ्लश, म्हणजे आतून वेगळं धुणं, नको. फिल्टर मात्र नवाच टाका.

मिनरल की सेमी यापेक्षा मला डब्यावरचा घट्टपणाचा आकडा महत्त्वाचा वाटतो, आकडे कमी तितकं ऑइल पातळ. गाडी वर्षानुवर्षं २०डब्ल्यू-४० वर चाललीय आणि कोणी एकदम ५डब्ल्यू-३० टाकायला निघालं तर थांबवा, झिजलेल्या इंजिनात पातळ ऑइलने प्रेशर कमी मिळू शकतं आणि खप वाढू शकतो. मॅन्युअलमध्ये चालत असेल तर १०डब्ल्यू-४० सेमी हा मधला चांगला रस्ता आहे.

पैशाचं म्हणाल तर छोट्या गाडीला साधारण तीन-साडेतीन लिटर लागतं, त्यामुळे एका सर्व्हिसिंगला काही शे रुपयांचा फरक. बॅरलमधलं सुटं ऑइल घेऊ नका, सीलबंद डबा समोर फोडायला सांगा.

आणि सेमी टाकलं म्हणून किलोमीटर वाढवू नका. पहिल्यांदा तरी मिनरलच्याच वेळेला बदला, कारण सुटलेला गाळ त्याच ऑइलमध्ये फिरत असतो. गाडी फक्त नौपाडा ते स्टेशन एवढीच फिरत असेल तर पावसाळ्यात इंजिन नीट तापत नाही आणि आत ओल साचते, तिथे ऑइल कुठलंही असो, वर्षाच्या आत बदलायचंच. पहिला महिना दर रविवारी सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक बघा. लेव्हल भराभर उतरत असेल तर पुढच्या वेळी बिनधास्त मिनरलवर परत या, त्याने इंजिनाला काहीही होत नाही.