फॉसडेम : ब्रुसेल्सच्या विद्यापीठात भरणारी परिषद, तिचे वक्ते आणि तिची सत्रे

माहिती तंत्रज्ञानावरील परिषदेचा कस वक्त्यांच्या पदव्यांवरून किंवा पदांवरून ठरू नये, तर बोलणाऱ्याने त्या कामात स्वतः हात घातला आहे की नाही यावरून ठरावा, असे माझे ठाम मत आहे. या कसोटीवर मला माहीत असलेल्या परिषदांमध्ये मी ब्रुसेल्सच्या फॉसडेमला सर्वांत वरचे स्थान देतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना या परिषदेच्या चित्रफिती मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे, त्यामुळे तिच्या वक्त्यांविषयी आणि सत्रांविषयी जरा सविस्तर लिहावे असे वाटले.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांचा हा मेळावा बेल्जियमच्या राजधानीतील युनिव्हर्सिते लिब्र द ब्रुसेल या विद्यापीठाच्या सोलबॉश परिसरात जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी-रविवारी भरतो. 2000 साली तो ओएसडेम या नावाने सुरू झाला आणि पुढे आजच्या नावाने ओळखला जाऊ लागला. प्रवेशाला शुल्क नाही, नावनोंदणी नाही, गळ्यात अडकवायचे ओळखपत्रही नाही. दार उघडे असते आणि आपण आत जाऊन बसायचे. सगळी व्यवस्था स्वयंसेवक पाहतात, आणि आठ हजारांहून अधिक माणसे दोन दिवसांत त्या परिसरात वावरतात.

आपल्याकडील अनेक महाविद्यालयीन परिषदांमध्ये पहिल्या दिवसाची सकाळ दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि व्यासपीठावरील मान्यवरांच्या मनोगतांत संपते, आणि ज्याचे ऐकायला मुले लांबून आलेली असतात त्या वक्त्याला ‘वेळेअभावी थोडक्यात आवरा’ अशी चिठ्ठी मिळते. फॉसडेममध्ये शनिवारी सकाळी साडेनऊला स्वागताचे एक छोटे भाषण होते आणि लगेच कामाला सुरुवात होते. वक्त्याची ओळखही बहुधा एका वाक्यात उरकली जाते, कारण समोर बसलेल्यांपैकी बरेच जण त्याने लिहिलेली प्रणाली रोज वापरत असतात.

सत्रांची रचना समजून घेतली तर या परिषदेचा स्वभाव कळतो. बीजभाषणे आणि मुख्य सत्रे जान्सन नावाच्या सभागृहात होतात; तिथे चौदाशेच्या आसपास माणसे बसू शकतात. पंधरा-पंधरा मिनिटांची झटपट भाषणे वेगळ्या सभागृहात सलग चालू असतात. खरे वैभव मात्र ‘डेव्हरूम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोल्यांमध्ये आहे. विद्यापीठाचा एखादा वर्ग एका विषयाला दिवसभरासाठी किंवा अर्ध्या दिवसासाठी दिला जातो आणि त्या विषयात काम करणारी मंडळीच त्या खोलीसाठी प्रस्ताव मागवतात, निवड करतात, वेळापत्रक लावतात आणि सूत्रसंचालनही करतात. डेटाबेस, कंपायलर, नेटवर्किंग, जुने संगणक, भाषांतर, कायदा आणि धोरण अशा अगदी वेगवेगळ्या विषयांच्या खोल्या एकाच वेळी चालू असतात. निवड करणारे स्वतःच जाणकार असल्यामुळे कंपनीची जाहिरात करणारे भाषण तिथे सहसा टिकत नाही. मध्यवर्ती समितीने सर्व विषयांचे निबंध एकत्र तपासण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी सरस आहे, आणि आपल्या विद्यापीठांनी ती उचलावी असे मला मनापासून वाटते.

मुख्य सभागृहातील भाषणांपैकी मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो ते 2014 सालचे समारोपाचे भाषण. वक्ते होते डेन्मार्कचे पॉल-हेनिंग काम्प, म्हणजे फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीचे जुने विकसक आणि व्हार्निश या वेब कॅशचे, म्हणजे संकेतस्थळाची पाने साठवून ठेवून झटपट देणाऱ्या प्रणालीचे, कर्ते. एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रे उघड केल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. काम्प यांनी आपण त्या यंत्रणेचेच अधिकारी आहोत आणि एका काल्पनिक मोहिमेचा वार्षिक अहवाल सादर करीत आहोत, अशा थाटात संपूर्ण भाषण केले. मुक्तस्रोत प्रकल्प निकामी करायचे असतील तर संगणकात घुसायची गरजच काय, क्षुल्लक मुद्द्यांवर न संपणारे वाद पेटवून दिले आणि सुरक्षेची साधने वापरायला किचकट ठेवली की काम आपोआप होते, हे त्यांनी एकेक उदाहरण देत मांडले. ऐकणाऱ्याला पुन्हा पुन्हा प्रश्न पडतो, की हे सारे मुद्दाम घडवले गेले की आपल्याच गलथानपणाने घडले? दोनच महिन्यांनी, एप्रिल 2014 मध्ये, ओपनएसएसएल या संकेतस्थळांशी होणारा संवाद सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड हा दोष उघडकीला आला. आलेल्या संदेशाची सांगितलेली लांबी आणि खरी लांबी जुळते का, एवढी एक तपासणी राहून गेली होती, आणि त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील 64 किलोबाइटपर्यंतचा मजकूर कोणालाही मागून घेता येत होता. अर्ध्या जगाचा भार वाहणाऱ्या त्या प्रकल्पाची देखभाल मोजकीच माणसे तुटपुंज्या निधीवर करीत होती. काम्प यांचे भाषण आणि हा दोष मी वर्गात एकापाठोपाठ ठेवतो, आणि त्यानंतर होणारी चर्चा सुरक्षेवरील कोणत्याही पाठ्यपुस्तकातील प्रकरणापेक्षा खोल जाते.

दुसरे नाव स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचे. कर्ल हे दुव्यावरून माहिती आणणारे साधन त्यांनी उभे केले, आणि त्याची या नावाची पहिली आवृत्ती 20 मार्च 1998 रोजी आली. त्याच्याही आधी एका ब्राझिलियन प्रोग्रॅमरने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी हाती घेतला होता, कारण इंटरनेटवरील गप्पांच्या खोलीतील बॉटला, म्हणजे आपोआप उत्तरे देणाऱ्या प्रोग्रॅमला, चलनांचे दर आणून द्यायचे होते. 2024 च्या फॉसडेममधील ‘तुम्हीही कर्ल बनवू शकला असता’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या भाषणात त्यांनी हा प्रवास सांगितला. आज जगभरात सुमारे 20 अब्ज ठिकाणी हे साधन बसवलेले आहे, असा त्यांचा अंदाज आहे. आकडा थक्क करणारा आहे, पण भाषणाचे मोल त्यात नाही. तोच प्रकल्प पंचवीस वर्षे न सोडता चालवणे, आपण या कामाला पुरेसे नाही आहोत या भावनेशी झुंजणे, अनोळखी माणसांनी पाठवलेल्या सुधारणा सौजन्याने तपासणे, या गोष्टी ते ज्या साधेपणाने सांगतात त्याने विद्यार्थ्यांना धीर येतो.

त्यांचेच 2020 चे एचटीटीपी/3 वरील, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांच्या नव्या आवृत्तीवरील, भाषण शिकवण्याचा उत्तम नमुना म्हणून पाहावे. इंटरनेटवर माहिती छोट्या पाकिटांत विभागून पाठवली जाते; ती क्रमाने पोहोचवणाऱ्या टीसीपी या जुन्या प्रोटोकॉलमध्ये (संवादाच्या नियमावलीत) एक पाकीट हरवले की त्यामागची सगळी पाकिटे खोळंबतात, मग ती त्या हरवलेल्या पाकिटाशी संबंधित असोत वा नसोत. म्हणून क्विक हा नवा प्रोटोकॉल यूडीपी या पाकिटांच्या क्रमाची हमी न देणाऱ्या साध्या प्रोटोकॉलवर उभारला आणि त्यातील प्रत्येक प्रवाह स्वतंत्र ठेवला, हे त्यांनी मोजक्या चित्रांतून उलगडून दाखवले. क्विकचे अधिकृत प्रमाण (स्टँडर्ड) मे 2021 मध्ये आणि एचटीटीपी/3 चे जून 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे प्रमाण ठरण्याच्या दोन वर्षे आधी ते घडवण्यात सहभागी असलेल्या माणसाकडून ते समजून घेण्याची संधी कोणालाही विनामूल्य होती. आपला अभ्यासक्रम त्या प्रमाणापर्यंत पोहोचायला किती काळ लागतो, याचा विचार अभ्यासमंडळावरील माझ्या सहकाऱ्यांनी जरूर करावा.

परिषद ब्रुसेल्समध्ये भरते याचा एक वेगळाच लाभ आहे, कारण युरोपीय आयोगही त्याच शहरात आहे. सायबर सुरक्षेसंबंधीच्या ‘सायबर रेझिलियन्स ॲक्ट’ या कायद्याचा मसुदा चर्चेत असताना, 2023 मध्ये आयोगाचे अधिकारी स्वतः फॉसडेममध्ये आले, मसुदा समजावून सांगितला आणि प्रश्नांना सामोरे गेले. विनामोबदला सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर कंपनीइतकीच जबाबदारी टाकणार का, हा त्या काळातला कळीचा प्रश्न होता. डिसेंबर 2024 मध्ये अमलात आलेल्या कायद्यात मुक्तस्रोत प्रकल्पांना आधार देणाऱ्या संस्थांसाठी वेगळी आणि हलकी जबाबदारी नमूद आहे. त्या चित्रफितीत अधिकारी आणि प्रोग्रॅमर एकमेकांची भाषा समजून घेण्याचा जो प्रयत्न करताना दिसतात, तो आपल्याकडे वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यावर काम करणाऱ्यांनीही पाहण्यासारखा आहे.

आता उणिवा. लोकप्रिय विषयांच्या खोल्या लहान पडतात आणि एकदा बाके भरली की दारावर खोली भरल्याचा फलक लागतो. उभे राहून ऐकण्यास परवानगी नसते. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे, तरीही ज्याला लागोपाठ तीन वेगवेगळ्या इमारतींतील सत्रे गाठायची आहेत त्याने आशा मर्यादितच ठेवावी. इथे एका खोलीत सकाळपासून ठाण मांडणारा श्रोता सर्वाधिक मिळवून जातो. वक्त्यांचा दर्जाही सारखा नसतो. ज्याने उत्कृष्ट कोड लिहिला तो उत्कृष्ट बोलेलच असे नाही, आणि काही भाषणांत बारीक अक्षरांनी भरलेल्या स्लाइड तशाच वाचून दाखवल्या जातात. प्रश्नोत्तरांत वक्ता प्रश्न पुन्हा उच्चारायला विसरला, तर चित्रफितीत नुसते उत्तर ऐकू येते आणि पाहणाऱ्याला प्रश्न तर्काने ओळखावा लागतो.

चित्रफितींची व्यवस्था मात्र अभ्यासण्याजोगी आहे. सर्व खोल्यांतील सत्रे थेट प्रक्षेपित होतात. नंतर प्रत्येक ध्वनिमुद्रणाची सुरुवात आणि शेवट बरोबर कापला आहे का, हे तपासण्यासाठी वक्त्यालाच दुवा पाठवला जातो, आणि त्याने होकार दिला की चित्रफीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुली होते. हा परवाना श्रेय देऊन पुनर्वापर करू देत असल्याने शिक्षकाला त्यातील भाग कापून आपल्या पाठात वापरता येतो. 2021 आणि 2022 मध्ये साथीमुळे परिषद दूरस्थ भरली, तेव्हा भाषणे आधी मुद्रित करून घेतली आणि प्रश्नोत्तरे मॅट्रिक्स या मुक्तस्रोत संवादप्रणालीवर थेट ठेवली. प्रश्न नीट ऐकू येण्याच्या दृष्टीने ती दोन वर्षे सर्वांत चांगली होती, असे मी म्हणेन.

वायफायचा उल्लेखही इथे केलाच पाहिजे. 2014 पासून परिषदेचे मुख्य नेटवर्क केवळ आयपीव्ही6 वर, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, चालते. ज्यांचे उपकरण त्यावर अडते त्यांच्यासाठी वेगळे नेटवर्क उपलब्ध असते, पण आधी नव्यावर प्रयत्न करावा अशी अपेक्षा असते. हजारो प्रोग्रॅमरांचे स्वतःचेच ॲप अडले की ते दुरुस्त होण्याची शक्यता वाढते, हा त्यामागचा हिशेब. शेवटच्या दिवशी ‘पायाभूत सुविधांचा आढावा’ हे सत्र होते, त्यात नेटवर्क, चित्रीकरण आणि वीज यांपैकी काय चालले, काय बिघडले हे संयोजक आकडेवारीसह सांगतात. महाविद्यालयातील संगणक विभाग सांभाळणाऱ्यांना सर्वप्रथम हेच सत्र पाहण्याचा सल्ला मी देईन.

महाराष्ट्रातून थेट प्रक्षेपण पाहणे सोयीचे आहे. हिवाळ्यात ब्रुसेल्सची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे शनिवारचे पहिले सत्र आपल्याकडे दुपारी दोनला सुरू होते. आधी वेळापत्रक वाचून एकच डेव्हरूम निवडावी आणि तिथेच थांबावे. सुरुवात करणाऱ्याने झटपट भाषणांच्या सभागृहापासून आरंभ केला तरी चालेल, कारण तिथे एखादे भाषण नाही रुचले तर पंधरा मिनिटांत पुढचे येते.

ज्यांना स्वतः बोलायचे आहे त्यांनी हिवाळ्याच्या तोंडावर डेव्हरूमसाठी प्रस्ताव मागवणारी आवाहने निघतात तिकडे लक्ष ठेवावे. पदवी, संस्था किंवा शोधनिबंध यांची अट नसते; आपण काय केले आणि ऐकणाऱ्याला त्यातून काय मिळेल, एवढे स्पष्ट लिहावे लागते. डेव्हरूममध्ये बोलणाऱ्यांना प्रवासखर्च मिळत नाही आणि बेल्जियमसह अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला वेळ लागतो, म्हणून निवड होण्याची वाट न पाहता कागदपत्रांची तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करावी, आणि प्रवासखर्चासाठी महाविद्यालयाकडे किंवा आपण ज्या प्रकल्पात योगदान देतो त्याच्या प्रतिष्ठानाकडे त्याच वेळी अर्ज करून ठेवावा.