माणच्या कोरड्या हवेत गोठ्याचा कोबा : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

माण तालुक्यातील आमच्या गोठ्यात गेल्या एप्रिलमध्ये ४ इंची एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा कोबा ओतला. आता गव्हाणीकडच्या अर्ध्या भागाची भुकटी निघू लागली असून, ठेकेदाराने पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला दोष देऊन दुरुस्ती नाकारली आहे.

सुरुवातीला मलाही त्याचे म्हणणे पटले होते. परंतु गटाराकडचा अर्धा भाग त्याच सिमेंटचा असूनही अजून टणक आहे, हे लक्षात आल्यावर माझे मत बदलले. गव्हाणीकडचा भाग भर दुपारी, वारा अंगावर येत असताना ओतला गेला; माल लवकर आवळतो म्हणून मजुरांनी त्यात वरून पाणी वाढवले, आणि तासाभरात बारीक चिरा दिसू लागताच गवंड्याने कोरडे सिमेंट भुरभुरून थापीने घोटले. आज निघतो आहे तो नेमका हाच पापुद्रा. गटाराकडचा भाग माझ्या आग्रहामुळे शेडनेट बांधून, खालचा मुरूम भिजवून पहाटे ओतला होता.

खरा वाद मात्र पाणी मारण्यावरून झाला. काँक्रीटकामाचे भारतीय मानक असलेल्या आयएस ४५६ नुसार उष्ण व कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलावा टिकवायचा असतो आणि पीपीसीसारखे मिश्र सिमेंट असल्यास ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. ठेकेदाराने ७ दिवसांतच पाणी मारणे थांबवले. पीपीसीला ताकद सावकाश येते, त्यामुळे त्याला हा ओलावा अधिक काळ हवा असतो. स्लॅबवर करतात तशी आळी गोठ्याच्या उतारावर फारशी उपयोगी पडत नाहीत, म्हणून गटाराकडच्या भागावर मी ओले गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक अंथरले. त्यामुळे टँकरचे पाणी इतके वाचले की, आमच्यासारख्या विकतच्या पाण्यावर बांधकाम करणाऱ्या प्रत्येकाने हेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. नुसता पाइप धरून मारलेले पाणी दुपारपर्यंत उडून जात होते.

उतार ५० फुटांना १ फूट ठेवला आहे. मूत्र साचत नाही. खराट्याने ओढलेल्या रेघांमुळे खिलार गाई पावसाळ्यातही घसरल्या नाहीत. सांधे सुमारे १० फुटांवर कापले आहेत आणि त्यांबाबत तक्रार नाही.

ठेकेदाराची शेवटची रक्कम मी रोखून धरली आहे. तिच्यातून गव्हाणीकडचा भाग फोडून दिवाळीनंतर नव्याने ओतून घेणार आहे, आणि गोणपाट १४ दिवस ओले ठेवण्याची अट या वेळी लेखी करारात घालणार आहे.