चाळीस डेन्सिटीची गादी उसवली तेव्हा

आमच्या गाडीतल्या पलंगासाठी घेतलेली 9,500 रुपयांची फोमची गादी मी मार्चच्या पहिल्या रविवारी कारखान्यातल्या फरशीवर टाकली आणि कात्रीनं तिची शिवण उसवली. दुकानदारानं सांगितलं होतं, आत चार इंच अखंड फोम आहे, 40 डेन्सिटीचा, एचआर, म्हणजे दाबून सोडला की लगेच उसळून वर येणारा. निघालं काय? वर एक इंच मऊ, पिवळट फोम. त्याखाली टीव्ही-फ्रीजच्या खोक्यात येतं तसलं पांढरं पॅकिंगचं फोम, दीड इंच. सगळ्यात खाली वेगवेगळ्या रंगांचे सहा तुकडे सोल्युशननं चिकटवून केलेला एक इंचाचा थर. म्हणजे चार इंचसुद्धा नव्हतं, साडेतीनच होतं.

ही गादी माझ्या आईसाठी होती. आई 71 वर्षांची आहे, तिच्या कमरेतल्या मणक्याची गादी सरकलेली आहे. लॉजच्या खोल्या, जिने, वेळीअवेळी लागणारं स्वच्छतागृह, या सगळ्यामुळे तिनं देवदर्शनाला जाणंच सोडलं होतं. म्हणून दादानं आणि आम्ही मिळून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. गाडीच्या रचनेत कायमचा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, म्हणून सुताराकडून काढता-घालता येईल असा प्लायचा पलंग करून घेतला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, चाकाच्या उंचवट्यापाशी एक खाच. जाडी चार इंचच ठेवायची होती, कारण त्याहून उंच झालं तर आईला पाय टेकून उठता येत नाही.

आई म्हणत होती, कापसाची गादी भरून घेऊ, आपला पिंजारी आहेच. मीच नको म्हणाले. कापसाची गादी गाडीत चढवायला-उतरवायला जड, दर थोड्या दिवसांनी उन्हात घालावी लागते आणि गाडीच्या हादऱ्यानं कापूस एका बाजूला सरकून गोळे होतात. फोमच हवा होता आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. घात झाला तो फोम निवडताना नाही, फोम विकत घेताना.

दुकान शहरातल्या गजबजलेल्या पेठेतलं, बाहेर गाद्यांची थप्पी, आत मोठमोठ्या कंपन्यांचे बोर्ड. मालक गोड बोलणारा. "ताई, गाडीसाठी म्हणताय म्हणजे रेडिमेड मिळणार नाही, साइजप्रमाणे कापून द्यावं लागेल. बसून बघा की आधी." त्यानं फोमचा एक तुकडा काढला, दोन फूट बाय दोन फूट असेल, आणि शोरूममधल्या पलंगावर ठेवला. मी बसले, हातानं दाबून पाहिलं, आईलाही बसवलं. छान वाटलं. ते छान का वाटलं हे मला खूप उशिरा कळलं. तो तुकडा स्प्रिंगच्या गादीवर ठेवलेला होता. माझं वजन खालची आठ इंची गादी पेलत होती, फोम नाही. आमच्या गाडीत तर फोमखाली थेट प्लाय. तेव्हा कृपा करून हे लक्षात ठेवा: नमुना दुकानाच्या फरशीवर ठेवायला सांगा. त्यावर कुशीवर पडा, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहा. कंबर आणि खांदा खालच्या फरशीला लागतात का, ते कुशीवरच कळतं, कारण तिथं सगळं वजन दोन ठिकाणी येतं. बसून काहीच कळत नाही. लाज वाटत असेल तर घरच्या कुणाला तरी समोर उभं करा, पण पडून पाहाच.

मग बिलाची गोष्ट निघाली. "पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल, कच्च्यात देतो, तुमचेच पैसे वाचतील." आम्ही हो म्हटलं. कच्च्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, गादी एक नग, रुपये 9,500. डेन्सिटी नाही, जाडी नाही, फोम कोणत्या कंपनीचा तेही नाही. खोळीला चेन लावून द्या म्हटलं तर म्हणाला, "चेन लावली की हवा जाऊन फोम खराब होतो, चारी बाजूंनी शिलाईच चांगली." हे साफ खोटं आहे. फोमला हवा लागलीच पाहिजे. शिलाई हवी होती ती त्याला, आतलं दिसू नये म्हणून.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी गादी मिळाली. यात्रा झाल्यावर, जानेवारीच्या शेवटी, विजापूरमार्गे बदामीला निघालो. पहिल्या रात्री काही जाणवलं नाही. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला आई उठून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, लाकडावर निजल्यासारखं वाटतंय, पण तू झोप." गादीत तिच्या कमरेखाली हाताला कळेल इतका खळगा झाला होता. मी माझ्याकडच्या दोन्ही सोलापुरी चादरी घड्या घालून तिच्या खाली दिल्या. लेणी पाहायची राहिली. तिला पायऱ्या चढवेनात आणि आम्ही तिसऱ्या दिवशी परत फिरलो. त्यानंतर तीन आठवडे तिला कमरेला शेक आणि फिजिओथेरपी चालू होती. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे. आईला ज्या एका गोष्टीसाठी पुन्हा घराबाहेर काढलं, तीच गोष्ट तिला दुखावून गेली.

आता ते पांढरं पॅकिंग आत का घालतात ते सांगते, कारण फसवणुकीचा गाभा तोच आहे. त्याला ईपीई म्हणतात. त्यात हवेचे बारीक बंद कप्पे असतात, त्यामुळे नवं असताना ते दाबलं की घट्ट लागतं. गिऱ्हाईकाला वाटतं, वा, चांगला आधार देतोय. पण रोज माणसाचं वजन पडलं की ते कप्पे चेपत जातात आणि पुन्हा फुगत नाहीत. चांगला फोम दाबून सोडला की वर येतो, हे बसलं ते बसलं. त्यातून हवाही जात नाही, म्हणून अंगाला घाम येतो. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर, बंद गाडीत त्याहून भयंकर, तिथं हे अंगाखाली म्हणजे शिक्षाच.

माझ्या मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. आमचा टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. आमच्या धंद्यात कुणी टॉवेल हात फिरवून घेत नाही. डझन तराजूवर ठेवतात, माप घेतात, जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम ते, काढतात. सूत कमी घातलं तर तराजू लगेच सांगतो. आणि फोमची डेन्सिटी म्हणजेसुद्धा दुसरं काही नाही, वजनच आहे. 40 डेन्सिटी याचा अर्थ एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. म्हणजे एका घनफुटाचं साधारण 1 किलो 130 ग्रॅम. 32 डेन्सिटीचा घनफूट सुमारे 900 ग्रॅम, 28 चा 800 ला थोडा कमी, 23 चा 650 ग्रॅम. आमची गादी सहा फूट बाय चार फूट बाय चार इंच, म्हणजे बरोबर आठ घनफूट. खोळीशिवाय ती 9 किलोच्या आसपास भरायला हवी होती. उसवल्यावर आतलं सगळं आम्ही कारखान्याच्या तराजूवर ठेवलं. 4 किलो 200 ग्रॅम. जाडी साडेतीन इंचच धरली तरी आठ किलोच्या जवळ पाहिजे होतं. रोज ज्या तराजूवर माल तोलतो, त्यावर ही गादी आली त्याच दिवशी ठेवली असती तर आई बदामीला त्या गादीवर झोपलीच नसती.

एकट्या वजनावरही विसंबू नका. फोमच्या कातरणाचे तुकडे दाबून, चिकटवून एक प्रकार करतात, त्याला रिबॉन्डेड म्हणतात. तो खूप जड असतो, 80 डेन्सिटीच्या वरही जातो, आणि रंगीबेरंगी ठिपक्यांवरून लगेच ओळखू येतो. वाईट नाही, पाठीला कडक हवं असणारे मुद्दाम घेतात. पण हलक्या फोमखाली त्याचा पातळ थर घालून एकूण वजन बरोबर भरवता येतं. म्हणून तराजू आणि डोळे दोन्ही हवेत: चेन उघडून कापलेली कड पाहायची, वरपासून खालपर्यंत एकच रंग, एकच जाळी दिसली पाहिजे. थर वेगवेगळे असतील तर प्रत्येक थर कशाचा आणि किती इंचाचा, ते बिलावर लिहून घ्यायचं.

आणखी एक गल्लत दुकानदार मुद्दाम करतात. "चाळीस आहे म्हणजे कडक आहे." तसं नाही. डेन्सिटी हे वजन आहे, त्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. कडक-मऊ ही वेगळी गोष्ट, एकाच डेन्सिटीत दोन्ही मिळतात. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्यापाशी थोडं मऊ लागतं, पाठीवर झोपणाऱ्याला जरा कडक चालतं. मेमरी फोमचा फार आग्रह करतात, पण तो उष्णतेनं मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तो नुसता असला तर माणूस आत रुततो. आमच्या हवेला तो मला पटत नाही.

आम्ही गादी घेऊन दुकानात गेलो तेव्हाचं बोलणं ऐकवत नाही. आधी म्हणाला, गाडी उन्हात उभी केली म्हणून फोम बसला. मग म्हणाला, वॉरंटी घरातल्या पलंगाला असते, गाडीला नाही. पांढरं पॅकिंग समोर धरलं तेव्हा म्हणाला, "तुम्ही उसवली, आत काय घातलं ते मला काय माहीत?" हे मात्र खरंच अडचणीचं होतं. उसवताना आम्ही व्हिडिओ काढला नव्हता. कुणावर ही वेळ आलीच तर शिवण शाबूत असतानाच मोबाइल सुरू करा, दुकानाचं लेबल, माप, वजन सगळं त्यात येऊ द्या, दोन शेजारी उभे करा आणि मगच कात्री लावा.

गादीखालच्या बाजूला काळी बुरशीही आली होती. त्यावर तो म्हणाला, ही तुमची चूक. यात तो बरोबर होता. थंडीच्या रात्री तिघं बंद गाडीत झोपलो की श्वासातली ओल गार प्लायवर धरते आणि आमच्या पलंगाला हवा जायला एकही भोक नव्हतं. ते मी त्याच्या माथी मारणार नाही. पण बुरशीनं 9 किलोचे 4 किलो होत नाहीत.

आमच्या बाजूनं दोन गोष्टी उभ्या राहिल्या. ऑर्डर देताना दादानं व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, "पूर्ण चार इंच 40 एचआर ना?" आणि त्याचं उत्तर होतं, "हो, फुल एचआर 40." आणि पैसे यूपीआयनं दिले होते. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलाच्या ओळखीनं नोटीस पाठवली. तेव्हा समजलं की बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे, जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. कच्च्या बिलात जीएसटी वाचवला असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात आपण आपलाच पुरावा विकलेला असतो. नोटीस गेल्यावर त्यानं 4,500 रुपये परत केले. उरलेल्यासाठी आयोगात जायचं माझ्या मनात होतं. आईनं हात धरला, "पुरे आता, तुझी रात्रीची झोप त्यात घालवू नको." मी थांबले, पण तुम्ही थांबायलाच हवं असं नाही.

नवी गादी आम्ही पक्क्या बिलानं घेतली, थेट फोम कापून देणाऱ्याकडून. खाली तीन इंच 40 चा कडक एचआर, वर एक इंच 32 चा मऊ, दोन्ही सुटे, एका चेनच्या सुती खोळीत. मधून दोन भाग केले, म्हणजे उचलून उन्हात टाकायला सोपं जातं. सुताराला बोलावून प्लायला तळहाताएवढ्या अंतरावर भोकं पाडून घेतली. फोम कापला तिथंच तोलला, 8 किलो 600 ग्रॅम. तो आकडा मी खोळीच्या आत मार्करनं लिहून ठेवलाय, तारीख आणि जाडीसकट. गेल्या महिन्यात आईला घेऊन गाणगापूरला जाऊन आलो. सकाळी साडेसहापर्यंत ती उठली नाही, तेव्हा मीच घाबरून हाक मारली.