लॉरेंत्झ मोडमध्ये मँगनाइटचे डोमेन: एका टीईएम सुविधेचा अनुभव

ऑक्साईड फिल्मवर काम करताय आणि चुंबकीय डोमेन (एकाच दिशेने चुंबकन असलेले छोटे भाग) प्रत्यक्ष बघायचे आहेत, तर ही टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) सुविधा नक्की वापरा. फक्त लॅमेला (इलेक्ट्रॉन आरपार जातील इतका सॅम्पलचा पातळ काप) स्वतःची घेऊन जा.

माझं सॅम्पल म्हणजे स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या सबस्ट्रेटवर (खालच्या आधारावर) पीएलडीने, म्हणजे लेसरच्या स्पंदांनी, वाढवलेली, ३० नॅनोमीटर जाडीची एलएसएमओ (लँथनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट) फिल्म. क्युरी तापमान (ज्याच्या वर फेरोमॅग्नेटिझम संपतो) ३५० केल्विनच्या आसपास, म्हणजे खोलीच्या तापमानालाच डोमेन दिसायला हवेत.

मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्या मॅडमनी सगळ्यात आधी कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकन पलटवायला लागणारं फील्ड, विचारली. तिथेच मला हायसं वाटलं. नेहमीच्या मोडमध्ये ऑब्जेक्टिव्ह लेन्सचं फील्ड सॅम्पलपाशी साधारण २ टेस्ला असतं आणि आपली फिल्म काही दहा ओर्स्टेडमध्येच पलटते. लेन्स चालू असताना सॅम्पलचा होल्डर आत गेला, की मूळचे डोमेन संपलेच. मॅडमनी लेन्स बंद केली, मागे उरलेलं फील्ड उलटा करंट देऊन शून्याजवळ आणलं आणि मगच होल्डर आत घातला. इतकी काळजी सगळीकडे घेतली जात नाही.

मग लॉरेंत्झ मोड, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह बंद ठेवून सॅम्पलपासून दूरच्या लॉरेंत्झ लेन्सवर फ्रेनेल (मुद्दाम फोकसबाहेर घेतलेल्या) प्रतिमा. फोकसमध्ये डोमेन वॉल (दोन डोमेनमधली सीमा) दिसतच नाही. डीफोकस वाढवत नेलं तशा काळ्या आणि पांढऱ्या रेघा उमटल्या. शेजारच्या डोमेनमधून जाणारे इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशांना वळतात, म्हणून एका वॉलवर गर्दी होते आणि पुढचीवर पोकळी राहते. पण स्फटिकी फिल्ममध्ये बेंड काँटूरही (फिल्म वाकल्यामुळे विवर्तनातून उमटणाऱ्या रेघा) अगदी तशाच काळ्या रेघा काढतात, आणि खरी कसोटी इथेच लागते. मॅडमनी सॅम्पल झोन ॲक्सिसपासून (स्फटिकाच्या मुख्य दिशेपासून, जिथे विवर्तन जोरात असतं) थोडं तिरकं केलं, डीफोकस उलट्या बाजूला नेलं. काही रेघा काळ्याच्या पांढऱ्या झाल्या, काही जागच्या हलल्यादेखील नाहीत. एवढ्यावर न थांबता त्यांनी हीटिंग होल्डरवर तापमान क्युरीच्या वर नेलं. पलटणाऱ्या रेघा फिकट होत होत गेल्या, बेंड काँटूर तसेच राहिले. मग थंड केल्यावर वॉल परत आल्या, त्याही वेगळ्या जागी! एरवी पेपरात एका वाक्यात उरकलेली ही गोष्ट स्क्रीनवर घडताना बघून मी अक्षरशः खुर्चीतून उठले.

आता तक्रारी. त्यांच्याच एफआयबी (गॅलियम आयनांच्या झोताने कापणाऱ्या) विभागाने करून दिलेली प्लॅन-व्ह्यू (फिल्म वरून दिसेल अशी) लॅमेला एका बाजूला जाड होती आणि सबस्ट्रेट भरपूर उरला होता. शेवटची सफाई कमी व्होल्टेजवर केलेली नव्हती, त्यामुळे कडेला गॅलियमने खराब झालेला पट्टा स्पष्ट दिसत होता. वेळही फार लागला. जमत असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटच्या थरावर फिल्म वाढवा आणि सोडवून थेट ग्रिडवर घ्या. सबस्ट्रेटचा प्रश्नच मिटतो.

बुकिंगच्या फॉर्मवर लॉरेंत्झ मोडचा पर्यायच नाही, शेऱ्याच्या रकान्यात लिहावं लागतं. लिहायचं राहिलं तर साधा स्लॉट मिळतो. डेटा आधी जेपेगमध्ये आला, तो काही कामाचा नाही. प्रतिमांवरून इलेक्ट्रॉन लहरीचा फेज (ज्यातून चुंबकनाचा नकाशा मिळतो) काढायचा तर कॅमेऱ्याची मूळ फाइल आणि प्रत्येक फ्रेमचं डीफोकस हवंच. मागितल्यावर दिलं, कुरकुर केली नाही. लॉरेंत्झ मोडचं मॅग्निफिकेशन कॅलिब्रेशन वेगळं असतं, तेही मागून घ्या.

स्ट्रॉन्शियम रुथेनेटवाल्यांसाठी नायट्रोजनचा कूलिंग होल्डर आहे. क्युरी तापमान १५० केल्विनच्या आसपास, शिवाय चुंबकन बरंचसं फिल्मच्या बाहेरच्या दिशेने, म्हणून सॅम्पल चांगलं तिरकं केल्याशिवाय काँट्रास्ट मिळणार नाही. थंड केल्यावर ड्रिफ्ट (सॅम्पलचं हळूहळू सरकणं) थांबेपर्यंत बराच वेळ जातो. अर्ध्या दिवसाचा स्लॉट घेऊ नका, पूर्ण दिवस मागा.